वाटा घाणीचाही

कोथरूडमधल्या जुन्या रहिवाशांच्या तोंडी ‘कचरा डेपो’ हे त्या जागेचे नाव अजून टिकून आहे. एके काळी पुणे शहराचा कचरा तिथे पडत असे, कारण तेव्हा कोथरूड शहराच्या कडेला होते. पुढे तिथे इमारती झाल्या, नोकरदार कुटुंबे राहायला आली, वासाच्या आणि धुराच्या तक्रारी सुरू झाल्या आणि डेपो हलला. तो गेला शहराच्या दुसऱ्या टोकाला, सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात. कोथरूडच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. फुरसुंगीच्या विहिरींचे पाणी मात्र पिण्यालायक राहिले नाही आणि गावकऱ्यांना वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहावी लागली. शहराचा कचरा किलोभरानेही कमी झाला नव्हता. त्याचे शेजारी तेवढे बदलले होते. २०१७च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि पुण्याच्या रस्त्यांवर ढीग साचू लागले तेव्हा कुठे पुणेकरांना या दोन गावांची नावे आठवली.

पुढच्याच वर्षी औरंगाबादने, आजच्या छत्रपती संभाजीनगरने, हाच धडा अधिक कठोरपणे घेतला. फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या गावात येऊ द्यायचे नाकारले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी शहराची घाण सोसली होती. मग पालिका नव्या जागा शोधू लागली. मार्चमध्ये मिटमिट्याला कचऱ्याच्या गाड्या पोहोचल्या तेव्हा दगडफेक झाली, जाळपोळ झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. विधिमंडळात गदारोळ झाला, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. एवढ्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट स्पष्ट झाली होती: आपला कचरा घ्यायला आता कोणतेही गाव तयार नाही. तयार का असावे, हा प्रश्न शहराने स्वतःला विचारायला हवा होता.

मुंबईचे देवनार तर याहून जुने. १९२७पासून तिथे कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६मध्ये त्या डोंगराला आग लागली. ती दिवसेंदिवस धुमसत राहिली, तिचा धूर उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतल्या मुलांच्या छातीत गेला. ज्यांच्या घरातून निघालेला कचरा जळत होता, त्यांतल्या बहुतेकांच्या खिडक्या तिथून कितीतरी लांब होत्या.

१९२७ हे वर्ष महाराष्ट्राला दुसऱ्या कारणासाठी माहीत आहे. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यानंतर १९७०च्या दशकात डॉ. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ गावोगावी नेली. पाणी सर्वांचे आहे, हे आपण शंभर वर्षे झगडून, मार खाऊन, तुरुंगात जाऊन शिकलो. त्या शिकवणीचा दुसरा अर्धा भाग मात्र शिकायचाच राहिला. पाण्यावर सर्वांचा हक्क असेल, तर घाणीत सर्वांचा वाटा आहे. शहराने आपली घाण कुणाच्या तरी वेशीवर आणि कुणाच्या तरी हातात द्यायची, आणि आपण स्वच्छ राहायचे, ही व्यवस्था पाणवठा वेगळा ठेवणाऱ्या व्यवस्थेचीच पुढची पिढी आहे. मला या लेखात एवढेच सांगायचे आहे, आणि ते ठासून सांगायचे आहे: घरातला ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे हे नीटनेटकेपणाचे किंवा शोभेचे काम नाही. तो न्यायाचा भाग आहे.

न्यायाचा कसा, हे पाहायचे तर कचरा हाताळणाऱ्या माणसांकडे पाहावे लागते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बाया दलित समाजातल्या. त्यांतली कितीतरी कुटुंबे १९७२च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आली. शेत नव्हते, अक्षरओळख नव्हती, आणि जातीने ज्या कामाची सवय समाजाला लावून ठेवली होती तेच काम शहरातही वाट्याला आले. कचराकुंडीत उतरायचे, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक शोधायचे, पाठीवर पोते घेऊन भंगारवाल्याकडे न्यायचे, तो देईल तो भाव घ्यायचा. कुत्रे मागे लागत, पोलीस चोरीचा संशय घेत, सोसायटीचे रखवालदार हाकलून देत. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या बायांना लिहायला-वाचायला शिकवायला गेल्या, तेव्हा बायांची पहिली गरज पाटी-पेन्सिलची नव्हती. त्यांना कुंडीऐवजी घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळायला हवा होता. तो मिळाला तर दिवसभराची भटकंती वाचते, हात घाणीत जात नाहीत, आणि आईच्या मागे फिरणारे मूल शाळेत जाऊ शकते.

याच मागणीतून बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पाणवठ्याची चळवळ करणाऱ्या, हमालांची पंचायत बांधणाऱ्या माणसाला कचरा वेचणाऱ्या बाया हा त्याच लढ्याचा पुढचा टप्पा वाटला, यात नवल नाही. या बायांना पालिकेचा शिक्का असलेली ओळखपत्रे मिळाली. चोर म्हणून पकडली जाणारी बाई कष्टकरी म्हणून ओळखली जाऊ लागली. २००८मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम सुरू झाले. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक या कामात आहेत आणि लाखो घरांच्या दारांशी त्या रोज उभ्या राहतात. त्यांची सेवा घेणारे घर महिन्याकाठी ठरावीक रक्कम थेट त्यांच्या हातात देते. सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच.

या व्यवस्थेचा कणा आहे तो दारातला एक साधा प्रश्न: ताई, ओला वेगळा केलाय का? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर त्या बाईचा दिवस एका तऱ्हेने जातो, ‘नाही’ असेल तर दुसऱ्या तऱ्हेने. उरलेली भाजी, चहाचा चोथा आणि माशांचे काटे ज्या पिशवीत आहेत त्याच पिशवीत वर्तमानपत्र आणि दुधाच्या पिशव्या कोंबल्या, की कागद भिजतो, त्याचा भाव जातो, प्लास्टिक बरबटते. मग ती बाई रस्त्याच्या कडेला बसून हातानेच तो सगळा ऐवज निवडते. फुटलेली काच, गंजलेली ब्लेड, मधुमेहाच्या रुग्णाने वापरून फेकलेली सुई तिच्या बोटात शिरते. घरातल्या डायपर आणि सॅनिटरी पॅडना तिला हात लावावा लागतो. हे टाळण्यासाठी ‘स्वच्छ’च्या बायांनी एक अगदी साधी विनंती केली होती: वापरलेले पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडून पाहावी लागणार नाही. एक कागद आणि पेनाचा एक ठिपका एवढीच ती मागणी. तरीही ती घराघरांत पोहोचवायला मोहीम काढावी लागते, यावरून आपल्याला किती लांब जायचे आहे ते कळते.

असे का होते? आपण निर्दय आहोत म्हणून नाही. ती बाई आपल्याला दिसत नाही म्हणून. पिशवी दाराबाहेर ठेवली की तिच्याशी असलेले आपले नाते संपते, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले आहे. घर आतून लखलखीत, उंबरठा धुतलेला, त्यावर रांगोळी, आणि उंबरठ्याच्या पलीकडे काहीही. पलीकडचे उचलणारे कुणीतरी असतेच, ही खात्री आपल्याला जातिव्यवस्थेने दिली. शहरात आल्यावर आपण ती खात्री सोडली नाही, तिचे नाव फक्त बदलले. पूर्वी गावाने नेमून दिलेला माणूस होता, आता पालिकेने किंवा कंत्राटदाराने नेमलेला आहे. तो बहुतेक वेळा त्याच समाजांतून येतो, हा योगायोग आहे असे कोणी म्हणू शकेल काय?

घराच्या आतही हीच उतरंड आहे. कचरा वेगळा करा, असे आवाहन पालिका करते तेव्हा ते काम कुणाच्या माथी येते? घरातल्या बाईच्या, आणि तिच्याकडून धुणे-भांडी करणाऱ्या मावशींच्या. बादली खाली नेऊन देणारे पुरुष किती घरांत आहेत, हे प्रत्येकाने आपल्या मजल्यावर पाहावे. ‘मी कचऱ्याला हात लावत नाही’ हे वाक्य अभिमानाने उच्चारणारे सुशिक्षित पुरुष आपल्याकडे कमी नाहीत. मुलेही तेच पाहून मोठी होतात. मुलगा आणि मुलगी दोघांच्याही हातात ज्या घरात बादली येते, त्या घरात एक पिढी बदलते. एरवी शाळेत काढलेली पर्यावरणाची शंभर चित्रे वाया जातात.

आता प्रश्न असा की सवय बदलते कशी. यासाठी आपल्याकडे दोन मार्ग सर्रास वापरले जातात आणि दोन्ही तोकडे पडले आहेत. एक मार्ग भीतीचा. ज्या कोपऱ्यावर रोज कचरा पडतो त्याला पालिकेतले लोक ‘क्रॉनिक स्पॉट’ म्हणतात. अशा भिंतीवर देवांच्या चित्रांच्या टाइल्स लावतात, ‘येथे कचरा टाकल्यास दंड’ असा फलक लावतात, कॅमेरे बसवतात. कचरा त्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपाशी जातो. देवाची आणि दंडाची भीती माणसाला जागा बदलायला लावते, सवय बदलायला लावत नाही. दंडाची तरतूद असायलाच हवी, पण तिच्या एकटीच्या जोरावर शहर स्वच्छ होत नाही.

दुसरा मार्ग स्पर्धेचा. राज्याने २०००-०१मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्यातून खेड्यांत खरेच मोठे काम झाले. लोकांनी श्रमदान केले, वर्गणी काढली, गल्ल्या झाडल्या. पण बक्षिसासाठी उचललेला झाडू बऱ्याच ठिकाणी तपासणीची समिती गेल्यावर कोपऱ्यात गेला. आता शहरांच्या क्रमवारीच्या वेळीही तेच दिसते. सर्वेक्षण जवळ आले की उड्डाणपुलांच्या खांबांवर चित्रे रंगतात, दुभाजकांवर झाडे येतात. क्रमांक लागतो, फलक लागतो, आणि बादलीतला कचरा होता तसाच राहतो. शहराचा चेहरा रंगवणे सोपे आहे. प्रत्येक स्वयंपाकघरातली सवय बदलणे अवघड आहे, आणि तेवढेच खरे काम आहे.

ज्यांच्या नावाने ते अभियान निघाले त्या गाडगेबाबांची रीत यांहून वेगळी होती. ते गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसभर गाव झाडून झाले की रात्री कीर्तनाला उभे राहत आणि त्या कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. उपदेशाच्या आधी हात चालत होता, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. आणि प्रश्न विचारले जात होते, म्हणून ऐकणाऱ्याला आपली जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येत नव्हती. सवय बदलण्याचे शास्त्र आज कितीही पुढे गेले असले तरी या दोन गोष्टी त्याच्या मुळाशी आहेत: काम करून दाखवणारा माणूस, आणि समोरासमोर विचारलेला प्रश्न.

दारात रोज येणारी कचरावेचक बाई नेमके हेच करते. जाहिरातीतला अभिनेता महिन्यातून एकदा सांगतो, ही बाई रोज विचारते. तिला आपले नाव माहीत असते, आपल्याला तिचे. एकत्र केलेला कचरा तिने नम्रपणे परत दिला, ‘उद्या वेगळा करून ठेवा, मग नेते’ एवढे म्हणाली, तर कोणत्याही फलकापेक्षा तो नकार घरात जास्त खोल जातो. असा नकार देण्याचा तिचा अधिकार पालिकेने आणि सोसायटीने जपला पाहिजे. आज उलट घडते. तिने पिशवी परत केली की सोसायटीचे चेअरमन तिच्याच विरुद्ध तक्रार करतात आणि तिला माफी मागायला लावतात. शिक्षण देणाऱ्या माणसालाच गप्प केल्यावर शिक्षण होणार कसे?

लोक बदलत नाहीत, हा निराशेचा सूर मला मान्य नाही. गणेशविसर्जनाकडे पाहा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या काळात विसर्जित गणपती दान करण्याचे आवाहन केले, तेव्हा त्याला किती कडवा विरोध झाला होता! नदीत निर्माल्य टाकणे हे पुण्य समजले जात होते. आज राज्यातल्या अनेक शहरांत घाटावर हौद असतात, निर्माल्यासाठी कलश असतात, बाजूला शाळा-महाविद्यालयांची मुले उभी असतात आणि हजारो कुटुंबे आपली मूर्ती शांतपणे हौदात बुडवतात. धर्मभावनेइतक्या खोल रुजलेल्या गोष्टीत हा बदल होऊ शकला. कारण विचार मांडणारे थांबले नाहीत, पालिकेने हाताशी येईल अशी सोय दिली, आणि शेजाऱ्याला करताना पाहून लोकांचा संकोच गेला. विचार, सोय आणि शेजार या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. कचऱ्यातही त्या एकत्र आल्या की बदल होतो. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला या जेमतेम बारा हजार वस्तीच्या गावाने हे दाखवून दिले आहे. तिथे नगरपालिकेने घरातच कचरा वेगळा करण्याचा आग्रह धरला आणि वेगळा आलेला कचरा शेवटपर्यंत वेगळाच हाताळला. ओल्याचा गॅस, प्लास्टिकचा भुगा रस्त्याच्या डांबरात. जिथे कधी दुर्गंधीमुळे थांबता येत नसे ते डम्पिंग ग्राउंड लोक सहलीला येऊन पाहू लागले.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी ऐकलेले आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप: आम्ही कर भरतो, मग हे काम आमचे का? कर आपण वाहतुकीचा, प्रक्रियेचा, कामगारांच्या पगाराचा भरतो. दुसऱ्या माणसाने आपल्या उष्ट्यात हात घालावा, याचा कर नसतो. असूच शकत नाही. तो कितीही रुपयांचा केला तरी त्या कामाची लाज त्या माणसाच्या वाट्याला येते आणि ती लाज विकत घेण्याचा अधिकार कोणत्याही करदात्याला नाही. कायदाही हेच सांगतो. अलमित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेतून या देशात शहरी कचऱ्याचे नियम आले. पहिले नियम २०००चे. २०१६च्या नियमांनी तर ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारांत कचरा वेगळा करून देणे ही कचरा निर्माण करणाऱ्याची जबाबदारी म्हणून स्पष्ट लिहिली.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही: आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळे एकत्रच होते. ज्या प्रभागात असे होते तिथे पालिका नागरिकांचा विश्वासघात करते. लोकांची दहा वर्षांत रुजलेली सवय असा एक टेम्पो दहा दिवसांत मोडू शकतो. पण यावर उपाय वेगळे करणे सोडून देणे हा नाही. आपण वेगळा केला असेल तरच ‘तुम्ही एकत्र का केला’ असे विचारण्याचा अधिकार आपल्याला उरतो. चार सोसायट्यांनी मिळून घंटागाडीपाशी उभे राहावे, गाडीत दोन कप्पे आहेत का ते पाहावे, नसतील तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, नगरसेवकाला बोलवावे. नागरिकांचा सहभाग म्हणतात तो हाच. वर्षातून एका रविवारी हातमोजे घालून नदीकाठी काढलेल्या छायाचित्रापेक्षा गाडीपाशी सलग महिनाभर विचारलेला हा प्रश्न जास्त काम करतो.

तिसरा आक्षेप यंत्रावर विसंबून असतो: मोठे प्रकल्प आणा, कचऱ्यापासून वीज करा, मग वेगळे करायची गरजच काय? दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीने असा प्रकल्प १९८७मध्ये उभा राहिला होता. तो काही आठवडे चालला आणि बंद पडला. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास तरी स्वयंपाकघरातला ओला ऐवज असतो. तो इतका ओलसर असतो, त्यात माती इतकी असते, की तो धड पेटत नाही. कोंदलेल्या ढिगात हवेविना कुजला की त्यातून मिथेन निघतो आणि डेपोंना आगी लागतात. झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते आणि विहिरी नासतात. फुरसुंगीच्या विहिरी आणि देवनारचा धूर यांचे मूळ आपल्या स्वयंपाकघरातल्या एकाच बादलीत आहे. तीच ओली घाण वेगळी राहिली तर तिचे खत होते. यंत्र कितीही महागाचे आणले तरी जे काम स्वयंपाकघरात दोन मिनिटांत होते ते त्याला डेपोवर जमत नाही.

चौथा आक्षेप बोलला कमी जातो, पण मनात सगळ्यांच्या असतो: घाण झोपडपट्टीतले लोक करतात. वस्तुस्थिती उलटी आहे. उत्पन्न वाढते तसा माणशी कचरा वाढतो. घरपोच जेवणाचे डबे, खोक्यातून आलेल्या वस्तू, त्यांभोवतीचे थर्माकोल, हंगामागणिक बदलणारे कपडे हे सगळे वरच्या मजल्यांवरून येते. वस्तीतल्या बोळात घंटागाडी शिरत नाही, तिथे रोज कचरा उचलला जात नाही, म्हणून तो डोळ्यांवर येतो. सोसायटीचा कचरा उचलला जातो म्हणून दिसत नाही. ज्याचा कचरा जास्त त्याची जबाबदारी जास्त, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. आणि जबाबदारी कंपन्यांचीही आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी वापरानंतर गुंडाळायला पिशवी द्यावी, असे २०१६च्या नियमांनी सांगितले होते. आपण घेतलेल्या पाकिटात ती असते का, हे ग्राहकांनी पाहावे, आणि नसेल तर विचारावे.

मग करायचे काय? मोठ्या सोसायट्यांच्या आवारात खतखड्डे आहेत. कित्येक ठिकाणी ते बांधकामाच्या परवानगीपुरते बांधले गेले आणि आज त्यांत मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे पडले आहेत. ते रिकामे करून पुन्हा चालू करावेत. त्यासाठी सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या वादाला जेवढा वेळ मिळतो तेवढा वेळ एकदा या विषयाला द्यावा. खतखड्डा चालवण्यासाठी ज्याला ठेवाल त्याला नीट पगार द्यावा. हे कामही पुन्हा एखाद्या गरीब माणसावर फुकट ढकलू नये. गांडूळखत करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देणाऱ्या पालिका आहेत, तिचा लाभ घ्यावा. दारात येणाऱ्या कचरावेचक बाईला महिन्याचे पैसे वेळेवर द्यावेत, उन्हात पाणी विचारावे, तिच्यासाठी सोसायटीचे स्वच्छतागृह खुले ठेवावे. दिवसभर घरोघरी फिरणाऱ्या बाईला लघवीला जागा न देणारी सोसायटी स्वच्छ असूच शकत नाही, मग तिच्या फाटकावर कितीही पारितोषिके टांगलेली असोत.

पालिकांनीही काही गोष्टी कराव्यात. कचरावेचकांच्या संस्थांशी केलेले करार मुदत संपल्यावर महिना-दोन महिन्यांच्या मुदतवाढीवर लोंबकळत ठेवू नयेत. ज्यांच्या हातात शहराची सवय बदलण्याचे काम आहे त्यांनाच उद्याची खात्री नसेल, तर त्या तरी लोकांना काय शिकवणार? कोविडच्या टाळेबंदीत सगळे शहर दारे लावून बसले होते तेव्हाही या बाया रोज कामावर होत्या. त्यांना हातमोजे, ढकलगाडी, निवड करायला छप्पर असलेली जागा आणि आरोग्याचा विमा देणे हे उपकार नाहीत, ते देणे आहे. वस्त्यांतल्या बोळांत रोज कचरा उचलला जावा. आणि ज्या गावांच्या शिवारात शहराचे डोंगर उभे आहेत त्या गावांना शुद्ध पाणी आधी मिळावे, शहराच्या कारंज्यांना नंतर.

यातली प्रत्येक गोष्ट साध्य आहे. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागते ती एक मान्यता, आणि ती देणेच आपल्याला जड जाते: जे मी वापरले, जे मी खाल्ले, जे मी फेकले, ते माझे आहे. ते माझ्या उंबरठ्याबाहेर गेले म्हणून दुसऱ्याचे होत नाही. ही मान्यता ज्याने दिली तो ओला-सुका वेगळा करण्यासाठी दंडाची वाट पाहणार नाही. ज्याने नाकारली त्याच्यासाठी कोणताही दंड पुरा पडणार नाही.

फुल्यांनी हौद खुला केला तेव्हा त्यांना नातेवाईक आणि शेजारी यांचा रोष पत्करावा लागला. महाडला पाणी प्यायलेल्यांनी लाठ्या खाल्ल्या. आपल्याकडून कोणी एवढ्या मोठ्या किमतीची अपेक्षा करत नाही. दोन बादल्या ठेवाव्यात, पुरुषांनीही त्या उचलाव्यात, सुया आणि काच वेगळी गुंडाळावी, पॅडच्या पुडीवर ठिपका काढावा, दारातल्या बाईशी माणसासारखे बोलावे आणि तिच्या ‘नाही’चा मान राखावा. समतेचा विचार ज्या राज्याने देशाला दिला, त्या राज्यातल्या शहरांना एवढे जमत नसेल तर आपण त्या विचाराचे वारसदार म्हणवून घेणे सोडून द्यावे. जमत असेल, आणि मला खात्री आहे की जमते, तर ते उद्या सकाळी घंटागाडी येण्याच्या आधी सुरू करावे.